पाचव्या दिवशी मेलेले उंदीर

अण्णांच्या अंगाला उंदरांचा वास यायचा. कामावरून आले की ते आधी मोरीत जायचे, लाल साबणाने कोपरापर्यंत हात घासायचे, मान घासायचे, मग पुन्हा हात घासायचे, आणि तरीही जेवायला बसले की भाकरीच्या वाफेतून भुशाचा, ओल्या लोकरीसारखा तो वास माझ्यापर्यंत पोचायचा. आम्ही कोपरला चाळीत राहायचो. एक खोली, पुढे पत्र्याखालचा ओटा, मागे खाडीकडून येणारा वारा. चाळीतल्या पोरांनी माझं नाव ‘उंदीरवाल्याची वंदी’ ठेवलं होतं. शाळेत कुणी विचारलं तर मी सांगायची, वडील ठाण्याला कंपनीत आहेत. कसली कंपनी, तिथे ते काय करतात, हे सांगायचं टाळायची. आज बासष्टाव्या वर्षी मला त्या पोरीचा राग येतो. पण या प्रकरणात ज्यांच्यावर राग काढायचा आहे ते वेगळे लोक आहेत, म्हणून तिला सोडून देते.

अण्णा एका लस बनवणाऱ्या कंपनीत उंदीर सांभाळायचे. पांढरे, लाल डोळ्यांचे, अंगठ्याएवढे उंदीर. त्यांना खाणं घालायचं, पाणी द्यायचं, भुसा बदलायचा, आजारी बाजूला काढायचे, आणि परीक्षेच्या दिवशी एकेक उंदीर हातात धरून द्यायचा. परीक्षा हा अण्णांचाच शब्द. ते दुसरीपर्यंत शिकलेले, नगरकडच्या खेड्यातून आलेले, पण ती परीक्षा त्यांनी आम्हा दोघी बहिणींना इतकी नीट समजावली होती की पुढे कॉलेजच्या पुस्तकात वाचताना मला नवीन काही सापडलं नाही. “हे बघ,” ते ताटातले भिजवलेले हरभरे तीन जागी करायचे. “ह्यांना नवीन लस टोचायची. ह्यांना जुनी, पारखलेली लस टोचायची. ह्यांना कायच न्हाई, हे कोरे. दोन आठवडं गप बसायचं. मग तिघांलाबी जित्ता रोग टोचायचा, थेट डोक्यात. कोरे मरणारच. पारखलेल्या लशीचे जगणार. आता नवीन लशीचे जगले तर लस खरी. मेले तर बाटल्या भट्टीत.” आई तवा आपटायची. “जेवताना मेलेल्या उंदरांचं काढू नका म्हनलं ना.” अण्णा हरभरे पुन्हा एकत्र करून खाऊन टाकायचे.

एक गोष्ट ते नेहमी शेवटी सांगायचे आणि ती पुढे महत्त्वाची आहे. रोग टोचल्यापासून पहिल्या तीन दिवसांत जो उंदीर मरेल तो हिशेबात धरायचा नाही. एवढ्याशा डोक्यात सुई जाते, एखादा सुईनेच मरतो, धरताना दाब जास्त पडला तरी मरतो. रोगाने मरणारा चौथ्या-पाचव्या दिवशी मरायला लागतो. तिसऱ्या दिवसापर्यंतचं मरण माणसाच्या हाताचं, त्यानंतरचं रोगाचं. “म्हणून धरणाऱ्याचा हात हलका पाहिजे,” अण्णा म्हणायचे आणि स्वतःचे हात बघायचे.

लस त्रिगुणी होती आणि उंदरांवरची ही परीक्षा तिच्यातल्या डांग्या खोकल्याच्या भागाची. आमच्या घरात तो खोकला येऊन गेलेला होता. सुमन, माझी धाकटी बहीण, तान्ही असल्यापासून दोन वर्षांची होईपर्यंत आईच्या माहेरी गावी राहिली होती आणि तिची टोचणी राहून गेली. परत आली ती खोकतच. तो खोकला ज्याने ऐकला नाही त्याला कसा सांगू? एकामागून एक वीस-पंचवीस ढास, मध्ये श्वासच नाही, ओठ निळे पडायचे, आणि मग एक लांब शीळ घातल्यासारखा आवाज करून हवा आत जायची. तो आवाज झाला की आई खाली बसायची, कारण आवाज झाला म्हणजे पोरगी जिवंत आहे. डोळ्यांच्या पांढऱ्या भागात रक्त उतरलं होतं. दोन महिने आमच्या खोलीत कुणी मोठ्याने बोललं नाही, आवाजाने ढास सुरू व्हायची म्हणून. सुमन वाचली. पण अण्णा त्यानंतर कधी पहिल्यासारखे झाले नाहीत. हजारो उंदरांना हातात धरून लस टोचून घेणाऱ्या माणसाची स्वतःची पोरगी टोचायची राहिली होती. तेव्हापासून चाळीत कुणाला मूल झालं की अण्णा तिसऱ्या महिन्यात त्यांच्या दारात जाऊन उभे राहायचे. दवाखान्यात नेलं का, एवढंच विचारायचे. नाही म्हटलं तर आई स्वतः त्या बाईबरोबर जायची.

मी बीएस्सी झाले आणि त्याच कंपनीत, त्याच विभागात एक वर्षाच्या कराराने लागले. वर्ष संपल्यावर पक्कं करू म्हणाले होते. चाळीतली पहिली शिकलेली मुलगी म्हणून आईने पेढे वाटले. कंपनी घोडबंदर रोडला होती. आज तिथे बावीस-बावीस मजली इमारती आहेत, माझी मोठी मुलगी त्यातल्याच एकीत राहते, आणि गाड्यांची रांग इतकी असते की तिच्याकडे जायचं म्हटलं तरी मला थकवा येतो. तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती आणि कंपनीच्या भिंतीमागे डोंगर. गेटातून आत गेलं की अण्णा डावीकडे ॲनिमल हाउसला जायचे आणि मी उजवीकडे कपडे बदलायला. आत मी त्यांना अण्णा म्हणायचं नाही असं मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं. त्यांना सगळे सोनवणे म्हणत, आमचे साहेब नुसतं ‘ए सोनवणे’ म्हणत. मी काय म्हणायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मी काहीच म्हणत नसे.

साहेबांचं नाव लिहीत नाही. त्यांची नातवंडं आता शाळेत असतील, त्यांनी काही केलेलं नाही. पण कपांबद्दल लिहिते. विभागाच्या कपाटात दोन प्रकारचे कप होते, वरच्या फळीवर चिनी मातीचे आणि खालच्या फळीवर काचेचे पेले. पेले ॲनिमल हाउसवाल्यांचे. कारण सांगत जंतूंचं. माझ्यावरच्या शिरोडकर बाई दिवसभर हातात जिवंत जंतूंची सुई घेऊन बसत, त्या वरच्या फळीवरच्या कपातून चहा पीत. मी त्याच टेबलाशी तेच काम शिकत होते आणि मला पेला मिळे. जंतूंना आमचं आडनाव कळत होतं म्हणायचं. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “घरून पिऊन जात जा.” मी तिचंही ऐकलं नाही, साहेबांनाही काही बोलले नाही. वर्षभर पेल्यातून चहा पीत राहिले, आणि आजही काचेच्या पेल्यात कुणी चहा पुढे केला की माझं कपाळ तापतं.

शिरोडकर बाई शिकवायला मात्र चांगल्या होत्या, हे सांगायला हवं. त्यांनी मला सुई धरायला शिकवली, कार्ड भरायला शिकवलं. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड. वर बॅचचा नंबर, खाली तारखांच्या चौकटी, रोज सकाळी किती मेले, किती उरले. माझं रोजचं पहिलं काम हे मोजणं. अण्णा पिंजऱ्याचं झाकण उचलायचे, मेलेला शेपटीने बाजूला काढायचे, आकडा बोलायचे आणि मी लिहायची. मग मेलेले उंदीर बादलीत घालून मागे भट्टीवर जात. परीक्षेच्या दिवशी मी प्रथमच अण्णांचं काम जवळून पाहिलं. ईथरने जरा सुस्तावलेला उंदीर ते दोन बोटांत असा घ्यायचे की कातडी मानेमागे ताणली जायची आणि डोकं हलायचं नाही, पण पायांची बोटं मोकळी राहायची. बाई सुई टोचायच्या. अण्णा उंदराला भुशावर ठेवायचे, सोडायचे नाहीत, ठेवायचे. तो चालायला लागेपर्यंत बघत राहायचे. शंभरावर उंदीर एका दिवशी, आणि प्रत्येकाला तितकाच वेळ. दुसऱ्या दिवशी एखाददुसराच मेलेला असायचा. बाई म्हणायच्या, सोनवण्यांनी धरलेला असला की माझी सुई चुकत नाही.

माझ्या कराराचे दोन महिने उरले असताना ती बॅच आली. मोठी बॅच होती, सरकारी दवाखान्यांना जायची होती, आणि आधीच उशीर झालेला होता. ठरल्याप्रमाणे टोचलं, दोन आठवडे थांबलो, मग रोग टोचला. पहिले तीन दिवस सगळं नेहमीसारखं. चौथ्या दिवशी कोऱ्यांच्या पिंजऱ्यात केस पिंजारलेले, पाठ कमानीसारखी करून बसलेले उंदीर दिसले, ते दिसणारच होते. पण नवीन लशीच्या पिंजऱ्यांतही तसेच बसलेले दिसले. पाचव्या दिवशी सकाळी अण्णांनी त्या पिंजऱ्यांपैकी पहिल्याचं झाकण उचललं आणि तसंच धरून उभे राहिले. सोळा उंदरांतले अकरा मेलेले होते. पुढच्या पिंजऱ्यात दहा. नव्या लशीचा सगळ्यांत मोठा डोस दिलेल्या पिंजऱ्यातसुद्धा सात. बाजूच्या रांगेत, पारखलेल्या लशीचे उंदीर एकमेकांच्या अंगावर चढून हरभऱ्यासाठी भांडत होते. अण्णा आकडे सांगत गेले, मी लिहीत गेले. शेवटी ते म्हणाले, “ही लस न्हवं वंदे, हे पाणी हाय.” कामावर त्यांनी मला नावाने हाक मारली ती तेवढी एकदाच.

दोन दिवसांनी शिरोडकर बाईंनी मला कोऱ्या कार्डांचा गठ्ठा दिला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. म्हणाल्या, “जुनी कार्डं ओली झालीत. तुझ्या अक्षरात पुन्हा लिहून काढ. आकडे या कागदावर आहेत.” मी कागद पाहिला. पाचव्या दिवशीचे अकरा दुसऱ्या दिवसाच्या चौकटीत होते. दहाही दुसऱ्या दिवसात. सातही. म्हणजे ते सगळे हिशेबातून बाहेर. उरले त्यांच्यातले बहुतेक जिवंत. लस पास.

“बाई, हे चुकलंय,” मी म्हणाले. “हे पाचव्या दिवशी मेलेत. मी मोजलेत.”

“चुकलेलं नाही.”

“दुसऱ्या दिवशी इतके कसे मरतील? सुईने इतके मरतात का?”

“धरणाऱ्याची चूक असली तर मरतात.” बाईंनी ड्रॉवर उघडून एक टाइप केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. “तुझ्या वडिलांनी लिहून दिलंय.”

कागद मराठीत होता. परीक्षेच्या दिवशी दुपारी मी दारूच्या नशेत होतो, उंदीर धरताना माझ्या हातून जास्त दाब पडला, त्यामुळे त्या रांगेतील उंदीर मेले, माझी चूक मला मान्य आहे, पुन्हा असे होणार नाही. खाली अण्णांची सही. ते सही हळू करायचे, प्रत्येक अक्षर वेगळं, ‘णे’ची मात्रा लांब ओढलेली. मला ती ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

अण्णांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. त्यांच्या वडिलांनी लावला होता आणि त्यापायी घर बसलं होतं, म्हणून बुद्धाच्या धम्माची दीक्षा घेतल्यावर पाळायच्या गोष्टींत ही एक त्यांनी सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कडक पाळली. साहेबांना हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. उंदीर सांभाळणारा, सोनवणे नावाचा, चाळीत राहणारा माणूस. नशेत होता म्हटलं की कुणी पुढे विचारणार नाही, एवढं त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं झाली, मी या वाक्यापाशी आले की मला उठून पाणी प्यावं लागतं.

मी कार्डं तशीच ठेवली आणि पोटात दुखतंय सांगून घरी आले. अण्णा नेहमीच्या वेळेला आले. आई ओट्यावर सुकट भाजत होती, सुमन अभ्यास करत होती. अण्णा मोरीतून हात पुसत बाहेर आले तेव्हा मी सगळ्यांसमोर विचारलं.

“तुम्ही नशेत होता का अण्णा त्या दिवशी?”

त्यांचा हात टॉवेलमध्ये थांबला. आई आत आली. “कोण नशेत?” मी कागदातला मजकूर शब्दन् शब्द म्हणून दाखवला. मला तो पाठ झाला होता. आईने हातातलं उलथणं खाली ठेवलं नाही. ती अण्णांकडे बघत राहिली आणि म्हणाली, “एवढी वर्सं बायकांना सांगत आले, माझा मालक थेंबाला शिवत न्हाई. आता काय सांगू, कागदापुरता शिवतो?”

“पोरीची नोकरी पक्की व्हायचीय,” अण्णा हळू म्हणाले. “साहेब म्हनले, सही कर, करार संपला की तिची आर्डर निघंल. न्हाई केली तर दोघंबी घरी. माझं काय, मी उंदीरवाला. माझ्या नावाला काय धक्का लागायचा?”

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते आणि मला वाटत होतं की राग आला म्हणजे मी बरोबर आहे. मी म्हणाले, “उंदीरसुद्धा धरला तर चावतो, अण्णा. तुम्ही तेवढंही केलं नाही.” सुमन रडायला लागली. अण्णा टॉवेल दोरीवर टाकून बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ते वाक्य मला परत घेता आलं नाही. पुढे कित्येकदा विषय काढायचा प्रयत्न केला, ते म्हणायचे, मला आठवत न्हाई. त्यांना आठवत होतं.

आईने सुकट परातीत काढलं, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “त्या बाटल्या कुठं जायच्यात?”

“सरकारी दवाखान्यांत.”

“म्हंजे आपल्याच.” तिने परात बाजूला ठेवली. “गेल्या महिन्यात मी बाजूच्या खोलीतल्या शेवंताच्या पोराला टोचून आनलं. पुढची टोचनी ह्याच महिन्यात हाय. मी तिला काय सांगू, जाऊ नको?” मग ती म्हणाली, “तुमच्या नोकऱ्या गेल्या तर गेल्या. मी धुणीभांडी करीन, आधीबी केलीत.”

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले आणि विभागात न जाता मागे भट्टीवर गेले. भट्टीवर रामा म्हात्रे म्हणून बाजूच्याच गावचे एक वयस्क आगरी गृहस्थ होते. आमची जुनी कार्डं साहेबांकडे गेली होती, पण मेलेले उंदीर रोज त्यांच्याकडे येत आणि ते मोजून घेत. मी विचारलं, कुठे लिहून ठेवता का. त्यांनी भिंतीतल्या कोनाड्यातून राखेने काळी झालेली वही काढली. “मी मोजल्याबिगर जालीत नाय गो. परत कोनी म्हनंल आमचं उंदीर इकलंस.” तारीख, आकडा, आणि पुढे अण्णांची हळू केलेली सही. दुसऱ्या दिवसापुढे दोन. पाचव्या दिवसापुढे आमच्या सगळ्या पिंजऱ्यांचा मिळून इतका मोठा आकडा की रामाकाकांनी त्याखाली रेघ मारली होती.

“काका, ही वही मला एक दिवस द्याल?”

त्यांनी मला नीट पाहिलं. “सोनवन्याची ना तू? त्याचे नावान् कायतरी बोंब उठवलीन् कालपासून. पिला व्हता म्हनं.” ते थुंकले. “ने. पन परत आन. उद्याचं मना लिवायचं हाय.”

मुख्य कचेरीतून दर गुरुवारी एक म्हातारे डॉक्टर यायचे, ते संचालक होते, बॅचवर शेवटची सही त्यांची. मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. तो गुरुवारच होता, ते साहेबांच्या केबिनमध्ये चहा पीत असताना मी दार ढकलून आत गेले. साहेब म्हणाले, “बाहेर थांब.” मी थांबले नाही. वही टेबलावर ठेवली आणि बोलायला लागले. माझा आवाज कापत होता, आणि तो भीतीने कापतोय असं त्यांना वाटेल याचा मला अजूनच राग येत होता. मी म्हणाले, हे उंदीर पाचव्या दिवशी मेलेत, भट्टीची वही बघा. आणि दुसरं, त्याच दिवशी, त्याच माणसाने, त्याच हातांनी पारखलेल्या लशीचे उंदीर धरले होते, ते सगळे अजून जिवंत आहेत, या माझ्याबरोबर आणि मोजा. नशेत असलेल्या माणसाचा हात एका रांगेला जड आणि दुसऱ्या रांगेला हलका कसा पडला?

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. वही उलटली. साहेब इंग्रजीत काहीतरी भराभर बोलले, त्यात ‘फादर’ आणि ‘इमोशनल’ एवढंच माझ्या कानात शिरलं. डॉक्टर म्हणाले, “त्या सोनवण्यांना बोलवा.”

अण्णा आले, दारातच उभे राहिले. त्यांच्या बाहीवर भुसा होता.

“तुम्ही पिता का?” डॉक्टरांनी विचारलं.

अण्णांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “न्हाई,” ते म्हणाले.

“मग हे लिहून का दिलंत?”

“लिवलं मी न्हाई. सही मी केली. पोरीसाठी केली.” आणि मग, इतकी वर्षं ज्या माणसाने त्या इमारतीत मान वर करून एक वाक्य पुरं केलं नव्हतं, ते अण्णा साहेबांकडे वळून म्हणाले, “साहेब, तुमाला बॅच पास करायची व्हती तर माझ्या जातीला बेवडा ठरवायची काय गरज व्हती? उंदीर मेले ते लस वाईट व्हती म्हनून. मी धरलेला उंदीर असा मरत न्हाई. बाईंना विचारा.”

सगळ्यांनी दारामागे उभ्या असलेल्या शिरोडकर बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, “नाही मरत.” एवढंच. मी त्यांना पूर्ण माफ केलेलं नाही, पण त्या दोन शब्दांसाठी त्यांना काय मोजावं लागलं असेल हे मला आता कळतं.

परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरलं. पुन्हा महिनाभर. डॉक्टर टोचायच्या दिवशी स्वतः येऊन बसले. उंदीर अण्णांनीच धरले. मला खोलीत येऊ दिलं नाही, मी काचेतून पाहिलं. पुन्हा तेच झालं. पहिले तीन दिवस शांत, मग पाठीच्या कमानी, मग पाचव्या दिवशीच्या सकाळी बादली भरली. पारखलेल्या लशीचे उंदीर पुन्हा जगले. बॅच भट्टीत गेली. रामाकाका सांगत होते, बाटल्या फुटताना दोन दिवस फटाक्यांसारखा आवाज येत होता. शेवंताच्या पोराला आमच्या दवाखान्यात जुन्या, चांगल्या बॅचची टोचणी मिळाली. आईने नंबर माझ्याकडून लिहून नेला होता आणि बाटलीवर ताडून पाहिल्याशिवाय नर्सला सुई भरू दिली नाही.

आता पुढचं, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसले. साहेबांना काहीही झालं नाही. त्यांची मुख्य कचेरीत बदली झाली, वरच्या जागेवर. निरोप समारंभात त्यांना चांदीचा पेला दिला, वर्गणी आमच्याकडूनही घेतली. पहिली परीक्षा ‘तांत्रिक कारणाने रद्द’ अशी नोंद झाली. बॅच नापास असल्याचं कुणामुळे समजलं हे कुठेही लिहिलं गेलं नाही. माझा करार संपला आणि पत्र आलं की सध्या जागा नाही. अण्णांना ठेवलं, कारण त्यांच्यासारखं धरणारं दुसरं कुणी नव्हतं. माझ्या मुली म्हणतात, आई, पोरं तर वाचली ना, मग सोड आता. पोरं वाचली हे खरं आहे. पण ती वाचवणाऱ्या माणसाला खोटं ठरवून तुम्ही पुढे गेलात, हे मी का सोडू?

शेवटच्या दिवशी मी माझे कागद घ्यायला कचेरीत गेले. तिथल्या क्लार्कला, मोघे नावाच्या सौम्य गृहस्थांना, मी विचारलं, अण्णांचा तो कबुलीचा कागद रद्द झाला का. त्यांनी फाईल काढली. कागद तिथेच होता, पंच करून, दोरीत ओवलेला.

“हा काढून टाका.”

“फाईलमध्ये लागलेला कागद मला काढता येत नाही हो,” ते म्हणाले. “तसा आदेश यायला पाहिजे.”

“आणि तो कोण देणार?”

“साहेब देतील. पण त्यांची तर बदली झाली.”

मी त्यांच्या टेबलावरचं शाईचं पेन उचललं आणि ते काही बोलायच्या आत त्या टाइप केलेल्या मजकुरावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ‘हे सर्व खोटे आहे’ असं मोठ्या अक्षरात लिहिलं. खाली माझं पूर्ण नाव, माझी पदवी आणि तारीख घातली. मोघे उभे राहिले होते. “अहो बाई, ऑफिसची फाईल आहे ही.”

“म्हणूनच शाईने लिहिलं. आता तुम्हाला हे काढायचं असेल तर कागद फाडावा लागेल. फाडा.”

मोघ्यांनी शाई वाळेपर्यंत फाईल उघडी ठेवली, टीपकागद लावला, आणि ती बंद करून कपाटात जागच्या जागी ठेवली.

अण्णा गेटपाशी थांबले होते. “एवढा वेळ काय करत व्हतीस आत?”

“सही केली.”

“कशावर?”

“तुमच्या सहीखाली.”

माझ्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली आणि आम्ही रस्त्याच्या कडेने चालायला लागलो.